आठ वेलांची चाखणी

शनिवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत एकोणतीस कुबडे परत आले होते.

कुबडा हा घरचाच भोपळा. राखी सालीचा, देठाशी पोक काढलेला. शेताचे मालक अण्णा, त्यांच्या आईने जपलेलं बी. बाहेरचं बी या भोपळ्याला कधी लागलंच नाही. शेताची चौऱ्याहत्तर सभासद घरं आठवड्याला एक क्रेट भाजी नेत आणि शरद लागला की कुबड्याची वाट बघत. गेल्या शनिवारी तो यंदाचा पहिल्यांदा क्रेटमधून गेला. बुधवारी चष्म्याच्या दुकानवाल्याची बायको त्याचं सूप पिऊन दवाखान्यात भरती झाली. गुरुवारी अण्णांच्या मुलाने, दादाने, सगळ्या घरांना फोन केले. खाऊ नका, परत आणा.

परत आलेले भोपळे वहिनी घेत होती. ती दादाची बायको, पण तिला सगळं शेत वहिनीच म्हणायचं, सभासदसुद्धा. पॅकिंग शेडच्या दारात उभी राहून ती भोपळा हातात घेई आणि मागच्या भिंतीशी पेंढ्यावर नेऊन ठेवी. कोणी भांडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. एका बाईंनी भोपळा टॉवेलात गुंडाळून आणला होता, झोपलेल्या मुलासारखा. एक जण म्हणाला, “आम्ही चिरलाच नव्हता हो, वहिनी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” म्हणजे कोणी मनाला लावून घ्यायचं, हे त्याला ठाऊक होतं.

शेडच्या आत उलट्या क्रेटवर आत्या बिटाची पानं खुडत बसली होती. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. काढणीला येई आणि थंडी वाढली की आपल्या घरी जाई.

“बघ, कसे आणून सोडतायत,” आत्या म्हणाली. “नको झालेल्या सुनेला माहेरी पोचवावं तसे.”

वहिनीने पुढचा भोपळा उचलला.

“मी तेव्हाच म्हटलं होतं. फाटकापाशी ते चट्टेपट्टे असलेले इवले भोपळे कशाला? ना खायचे ना घासायचे. नुसता नटवेपणा.”

“शोभेचे होते, आत्याबाई. लोकांना आवडले होते.”

“लोकांना आवडले, तसे माश्यांनाही आवडले.”

दादा कोपऱ्यातल्या टेबलावर आठवड्याची चिठ्ठी लिहीत होता. दर शनिवारी प्रत्येक क्रेटमध्ये एक चिठ्ठी जाई: या आठवड्यात काय काढलं, काय पेरलं, गाजराची पानं टाकू नका, असलं काहीतरी. आज दादाने सकाळपासून चार ओळी लिहिल्या होत्या. त्याने त्या वाचून दाखवल्या.

“‘दोन वर्षांपूर्वी आपल्या फाटकाजवळ शोभेचे कडू भोपळे लावले होते. त्यांचा पराग कुबड्याच्या बियाण्याच्या फुलात गेला, म्हणून यंदा काही वेलांना कडू फळं धरली. याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.’ ठीक आहे ना?”

“माझं नाव नाही टाकलंत,” वहिनी म्हणाली.

“नाव कशाला टाकेन?”

“गरजच नाही. त्या भोपळ्यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत. प्रत्येक फोटोत मीच उभी आहे.”

“मग काय लिहू? तू सांग, मी लिहितो.”

तिच्याकडे सांगण्यासारखं होतं, आणि ते दादाच्या चिठ्ठीपेक्षा वाईट होतं.

कुबड्याच्या बियाण्यासाठी दर वर्षी आठ फुलं हाताने फळवली जात. उद्या उमलणारं मादी फूल आदल्या संध्याकाळी चिकटपट्टी लावून बंद करायचं. पहाटे उघडायचं, नर फुलाचा पराग त्यात फिरवायचा, पुन्हा बंद करायचं आणि देठाला लाल रिबीन बांधायची. हे काम वहिनीचं. दोन वर्षांपूर्वी सहाव्या फुलाची पट्टी रात्रीत सुटली होती. पहाटे ती गेली तेव्हा पाकळ्या अर्ध्या उघड्या होत्या आणि आत एक मधमाशी लोळत होती, पाय पिवळे करून. वहिनीने माशी हुसकावली. फूल बंद केलं. रिबीन बांधली. त्या वर्षी फुलं कमी होती आणि आठ हवी होती, म्हणून आठ झाली.

ती माशी गुरुवारपासून तिच्या डोक्यातून निघत नव्हती.

“तसंच राहू दे,” ती दादाला म्हणाली. “छापा.”

*

बारकीने सकाळभर परत आलेले भोपळे चाखले. ती अण्णांची धाकटी मुलगी, आता चाळिशीला आलेली, तरी घरात बारकीच. शहरात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करी. शुक्रवारी संध्याकाळी आली होती. प्रत्येक भोपळ्याच्या देठाजवळून एक पातळ चकती काढायची, टोकाने जिभेला लावायची, थुंकायची, चूळ भरायची, वहीत लिहायचं. एकोणतीसमध्ये चार कडू निघाले. तो कडूपणा कारल्याचा नव्हता. तो जिभेच्या मुळाशी चिकटे आणि साखर खाल्ली तरी साखरेच्या खालून वर येई.

साधारण सातात एक. किंवा आठात एक.

आठ हा आकडा तिला लहानपणापासून ठाऊक होता. आठ फुलांचं बी आठ वेगळ्या पाकिटांत ठेवलं जाई. ते लगेच शेतात जात नसे. पुढच्या वर्षी प्रत्येक पाकिटातलं एकेक बी अवजारांच्या खोपटामागे लावायचं, असे आठ वेल. शरदात त्या आठही वेलांचं एकेक फळ कापून कच्चंच चाखायचं. ज्या वेलाचं फळ कडू, त्याचं पाकीट चुलीत. उरलेल्या पाकिटांना त्यापुढच्या वर्षी शेत. ही चाखणी. आजी म्हणायची, माणूस चुकणारच, म्हणून चाखणी. आणि चाखायचं एकाच माणसाने, कारण दोघांनी चाखलं की दोघंही दुसऱ्यावर विसंबतात.

आजीनंतर तो एक माणूस अण्णा होते.

वहिनीच्या भोपळ्यांनी केलेली गडबड दोन वर्षांपूर्वीची. ती गेल्या वर्षीच्या चाखणीत सापडायलाच हवी होती. हे कळायला प्रयोगशाळा लागत नव्हती. दादाला कळत होतं, आत्याला कळत होतं, वहिनीला सगळ्यांच्या आधी कळलं असणार. गुरुवारपासून तीन दिवस सगळं घर फाटकाबद्दल बोलत होतं.

बारकीला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. गेल्या शरदात, चाखणीच्या आदल्याच दिवशी, तिने घाईत अण्णांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. कळलं तेव्हा अण्णांचा कप रिकामा होता. तिला हसू आलं होतं. अण्णा म्हणजे संतच, मुलीला वाईट वाटू नये म्हणून मिठाचा चहा प्यायले, असं तिने गाडीत बसताना स्वतःला सांगितलं. प्रयोगशाळेत कोणी असं कारण दिलं असतं तर तिने तो नमुना पुन्हा तपासायला लावला असता.

दुपारी सगळे स्वयंपाकघरात जेवायला बसले. अण्णा सकाळपासून गाजरांच्या वाफ्यात होते. हात धुतले तरी नखांत माती होती. आत्या त्यांना वाढत होती.

“अण्ण्या, मीठ लागतंय का बघ. सूनबाईने आज डोळे मिटून घातलंय.”

“ठीक आहे की,” अण्णा म्हणाले.

“ठीक कसलं? माझा घसा धरला.”

“मग कमी खा. वजन उतरेल.”

दादा हसला. वहिनी हसली नाही. बारकीने ओट्यावरची झाकलेली ताटली आणली आणि अण्णांसमोर ठेवली. ताटलीत भोपळ्याच्या दोन फोडी होत्या.

“अण्णा, एक सांगा. यातली कडू कुठली?”



“बारके,” दादा म्हणाला, “पुरे.”

“दोन घास आहेत, दादा. एका मिनिटाचं काम.”

“काय चाललंय काय?” आत्याने पळी खाली ठेवली. “आता बापालाच बाटलीत घालून तपास तुझ्या प्रयोगशाळेत! अगं, या जिभेला आईने दहाव्या वर्षी चाखणीला बसवलं. मी थोरली. मला नाही बसवलं. म्हणाली, तुझी जीभ बोलायच्या कामाची आहे.”

“ते तिने खरं सांगितलं,” अण्णा म्हणाले, पण त्यांचं लक्ष ताटलीकडे होतं.

“ताई, नका,” वहिनी हळूच म्हणाली. नणंद वयाने मोठी म्हणून ती बारकीला ताई म्हणे. “चूक माझी आहे. सहाव्या फुलात माशी होती. मी पाहिली होती. हुसकावली आणि रिबीन बांधली. कोणाला सांगितलं नाही.”

दादाने बायकोकडे पाहिलं.

“तू चुकलीस,” बारकी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज कामावरचा वाटला. “म्हणून तर चाखणी असते. अण्णा, घ्या.”

अण्णांनी डावीकडची फोड उचलली. पूर्वी ते टोकच जिभेला लावत. आता त्यांनी सबंध फोड तोंडात घातली आणि चावली, सावकाश, डोळे आत वळवून, जसं सगळ्यांनी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं होतं. “ही गोड,” ते म्हणाले. मग उजवीकडची घेतली. चावता चावता त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. दादाकडे, आत्याकडे, बारकीकडे. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकवावं, तसं.

“मग ही कडू,” ते म्हणाले, आणि गिळायला लागले.

वहिनी खुर्ची पाडून उठली. तिने त्यांच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.

“थुंका, अण्णा. थुंका आधी. गिळू नका.”

आणि अण्णा, ज्यांनी या सुनेसमोर कधी शर्टाचं वरचं बटणसुद्धा उघडं ठेवलं नव्हतं, तिच्या ओंजळीत थुंकले.

तिने त्यांना पाण्याचा पेला दिला. त्यांनी चूळ भरली. पुन्हा भरली. आत्याने टेबलावर पडलेला एक तुकडा उचलून जिभेला लावला आणि तोंडाला पदर लावून मोरीकडे वळली.

“दोन्ही कडू होत्या,” दादा म्हणाला. त्याला ते बारकीच्या चेहऱ्यावर दिसलं. “तू दोन्ही कडू ठेवल्यास?”

नशिबाने बरोबर उत्तर येऊ नये म्हणून, असं ती सांगू शकली असती. पद्धत म्हणून ते बरोबर होतं. सकाळी त्या फोडी कापताना तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता. आता ती ताटलीवरची भोपळ्याची एक बी नखाने सरकवत राहिली.

“कधीपासून, अण्णा?” दादाने विचारलं.

“मोठा ताप आला होता ना. त्यानंतर.”

“म्हणजे दोन वर्षं होतील.”

“थंडीत होतील.”

दादा खाली पाहत म्हणाला, “मागे दूध करपलं होतं. घरभर धूर. तुम्ही चुलीकडे पाठ करून पेपर वाचत होतात. मी म्हटलं, वय झालं.”

प्रत्येकाकडे या गोष्टीचा एकेक तुकडा होता आणि प्रत्येकाने तो खिशात ठेवला होता.

“हात धू, बाई,” आत्या वहिनीला म्हणाली. तिने स्वतः नळ सोडून दिला.

पण वहिनीने हात पुसेपर्यंत दादा भानावर आला होता. तीन वाजता सभासद येणार होते. “हे बघा, हे या खोलीबाहेर जायचं नाही. चिठ्ठी छापली आहे, ती तशीच जाईल. पराग गेला, फळ कडू झालं, हे लोक समजून घेतील. अपघात आहे. पण चाखणी खोटी होती असं कळलं, तर कुबडाच काय, आपलं गाजरही कोणी तोंडात घालणार नाही.”

“घरातलं घरात,” आत्या म्हणाली. ती पुन्हा भावाच्या बाजूला जाऊन बसली होती. “म्हातारपणी त्याची शोभा करायची काय?”

“म्हणजे मी,” वहिनी म्हणाली.

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. त्या चिठ्ठीत दुसरं कोण आहे?”

“तुझी चूक होतीच ना?” दादाचा आवाज चढला. “आत्ता सगळ्यांसमोर तूच म्हणालीस.”

वहिनीने बारकीकडे पाहिलं. बारकीच्या लक्षात आलं की इथे बोलायचं तिनेच आहे. पण अण्णांची ती नजर तिच्यासमोर अजून एकेकाच्या तोंडावरून फिरत होती, आणि यानंतर आपण कोणाच्या बाजूने काही बोलावं, असं तिला वाटेना.

अण्णा उठले. ताट उचलून मोरीत ठेवलं, त्यात पाणी घातलं, आणि मागच्या दाराने शेडकडे गेले.

*

शेडमध्ये क्रेट भरून ओळीने ठेवले होते. गाजरं, बीट, कोबीचा एक गड्डा, कांद्याच्या जुड्या. प्रत्येकात डाव्या कोपऱ्यात एक हात जागा रिकामी होती, कुबड्याची. टेबलावर छापलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

अण्णा खुर्चीवर बसले. तोंडात काहीच नव्हतं. दोन वर्षं काहीच नव्हतं. भाकरी म्हणजे ओला कागद, चहा म्हणजे गरम पाणी. ताप उतरल्यावर त्यांनी वाट पाहिली होती, आठ दिवस, महिना. ट्रॅक्टर आधीच दादाकडे गेला होता. पेरणीचं वेळापत्रक सूनबाईकडे. त्यांच्याकडे ही एक गोष्ट उरली होती, आणि ती वर्षातून एकदा, अर्ध्या तासाची.

गेल्या वर्षी त्या सकाळी ते आठ फळांसमोर बसले होते. सगळे भोवती उभे, नेहमीसारखे. पहिल्या फळाला जीभ लावली. थांबले. म्हटलं, येईल. दुसऱ्याला लावली. मग त्यांनी रंग बघितला, गर दाबून बघितला, आणि “गोड” म्हणाले. सहाव्यालाही गोड म्हणाले. त्या वेळी त्यांना भीतीसुद्धा वाटली नव्हती. वीस वर्षांत एकही वेल कडू निघाला नव्हता. सूनबाई फुलं इतकी नीट बांधायची. तिच्या नीटपणावर त्यांनी आपलं खोटं टेकवलं होतं, आणि आता त्याच खोट्यासाठी तिला पुढे केलं जात होतं.

शर्टाच्या खिशात पेन होतं. त्यांनी पहिली चिठ्ठी ओढली आणि छापील ओळींच्या खाली लिहिलं:

‘चाखणी मी केली होती. मला दोन वर्षं चव कळत नाही. हे मी लपवलं.’

मग सही.

दहाव्या चिठ्ठीला दादा आला. दारातच थांबला, एक चिठ्ठी उचलून वाचली.

“अण्णा, कशाला? एवढी वर्षं लोकांनी तुमच्या शब्दावर खाल्लंय.”

“म्हणूनच.”

“मी टाईप करून देतो मग. हात दुखेल.”

“दुखू दे.”

थोड्या वेळाने दादा लिहून झालेल्या चिठ्ठ्या क्रेटमध्ये ठेवू लागला, एकेक, कोबीच्या पानाखाली न दडवता, वर. शेवटच्या चिठ्ठ्यांवर अक्षर ओळीखाली घसरलं होतं. चौऱ्याहत्तरावी झाली तेव्हा फाटकाशी गाड्या लागल्या होत्या.

चष्मेवाला चौथा आला. एरवी दोघं नवरा-बायको येत आणि ती प्रत्येक गाजर वर-खाली करून पाही. आज तो एकटाच होता. अण्णांनी त्याचा क्रेट स्वतः उचलला.

“कशा आहेत?”

“घरी आली. अशक्तपणा आहे. पोटात अजून काही ठरत नाही.”

“चिठ्ठी इथेच वाचा,” अण्णा म्हणाले. “घरी जाऊन नको.”

चष्मेवाल्याने वाचली. स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचली. मागे रांगेतल्या माणसांनीही आपापल्या चिठ्ठ्या उघडल्या होत्या. क्रेट सरकवायचे थांबले होते.

“तिला पहिल्या घोटालाच कडू लागलं होतं,” तो म्हणाला. “मी म्हटलं, टाकून दे. ती म्हणाली, अण्णांच्या शेतातलं आहे, टाकायचं कसं. तिनेच वाटीभर संपवलं. मला देईना, म्हणाली, तुझं पोट नाजूक आहे.”

अण्णांनी हातातला क्रेट खाली ठेवला.

“गेल्या शनिवारी तुम्ही आम्हाला तो निवडून दिला होता. आठवतं? म्हणालात, हा सगळ्यात गोड निघेल.”

“आठवतं.”

चष्मेवाल्याने चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि क्रेट उचलला.

“पुढच्या शनिवारचं तिला विचारून सांगतो,” तो म्हणाला, आणि गेला.

*

शेवटचा क्रेट गेला तेव्हा ऊन कलंडलं होतं, पण होतं. सत्तर क्रेट गेले. चार तसेच राहिले. ती माणसं चिठ्ठी वाचून रिकाम्या हाताने परतली होती. वहिनीने त्या चार क्रेटमधला कोबी काढून थंड खोलीत नेला. आत्या न बोलता तिच्याबरोबर कांदे उचलत होती. एकदा म्हणाली, “फाटकापाशी पुढच्या वर्षी झेंडू लाव. तो कोणाच्या अध्यात ना मध्यात.” हे क्षमा मागणं होतं की टोमणा, वहिनीला ठरवता आलं नाही. बहुधा आत्यालाही नाही.

बारकी दुपारपासून वहिनीच्या वाटेला आली नव्हती. आता शेडच्या खांबाशी येऊन उभी राहिली.

“वहिनी, मी बोलायला हवं होतं. दुपारी.”

“हो,” वहिनी म्हणाली. ती ‘जाऊ दे’ म्हणणार होती, पण तोंडून हे निघालं. मग तिने तसंच राहू दिलं. तिला बारकीला सांगायचं होतं की अण्णांनी ती फोड तोंडात घातली तेव्हा क्षणभर, ओंजळ पुढे करायच्या आधी, आपल्याला हायसं वाटलं होतं. झालं, आता तरी सगळ्यांना दिसलं, असं. ते तिने सांगितलं नाही. ते ती कोणालाच सांगणार नव्हती.

खोपटामागे या वर्षीचे आठ वेल सुकून पसरले होते. चाखणी उद्या व्हायची होती. अण्णा तिथे आधीच जाऊन बसले होते, खाली पोतं अंथरून. आठ कुबडे तोडून त्यांनी ओळीत मांडले होते, प्रत्येकाच्या देठाला नंबराची पट्टी. शेजारी पाण्याचा तांब्या आणि आजीच्या वेळची सुरी.

“सूनबाई, बस.”

“मी?” ती उभीच राहिली. “अण्णा, फुलं मी बांधते. मीच बांधायची आणि मीच चाखायची? आणि त्या माशीनंतर?”

“त्या माशीनंतरच. तू चूक केलीस, लपवलीस, पण लोकांना बाधल्यावर तीन दिवसांत आपणहून बोललीस. मला दोन वर्षं लागली, तीही बारकीने ताटली ठेवल्यावर. फुलं यापुढे दादा बांधेल.”

“त्यांच्या बोटांना जमेल?”

“आठातली चार फाडेल. शिकेल.”

ती बसली. दादा आणि बारकी थोडं मागे येऊन उभे राहिले. आत्या आणखी मागे, हात पोटाशी धरून. वहिनीने पहिला कुबडा कापला. गर घट्ट आणि केशरी होता. तिने देठाजवळून एक पातळ चकती काढली आणि टोक जिभेला लावलं. अण्णा तिच्या तोंडाकडे बघत होते, दुपारी जसे सगळ्यांकडे बघत होते तसे. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मान वळवली आणि वेलांकडे पाहू लागले.

“गोड आहे,” ती म्हणाली.

“नुसतं गोड म्हणू नकोस,” अण्णा म्हणाले. “नुसतं गोड मीही म्हणत होतो.”

वहिनीने तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली. दुसरी चकती कापली, आधीपेक्षा जाड. जिभेवर ठेवून ती बराच वेळ थांबली. मग, अवघडल्यासारखी, शब्द शोधत, सांगायला लागली: आधी काहीच लागत नाही, मग ओल्या शेंगदाण्यासारखं, आणि चावल्यावर कडेने गोड येतं, उशिरा. अण्णा ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण तोंडात काही नव्हतं.